संकरित गाय: पहिल्या पिढीनंतर काय?

नगर, पुणे, सोलापूर, सांगली या पट्ट्यात दुधाचा धंदा करणाऱ्या कुणाशीही बोला, एक तक्रार हमखास ऐकू येते. गावठी गाईला एचएफची, म्हणजे होल्स्टीन फ्रीजियन या विदेशी जातीच्या वळूच्या गोठवलेल्या वीर्याची, कांडी भरली आणि जी कालवड झाली ती फार गुणी निघाली. दूध भरपूर, दुखणी कमी, वर्षा-सव्वा वर्षाला वेत. मग तिलाही एचएफच भरली. तिची लेक आईपेक्षा उंच, काळीपांढरी, दिसायला देखणी. पण ती तीन-तीनदा उलटते, म्हणजे कांडी भरूनही गाभ राहत नाही, मे महिन्यात धापा टाकते, आणि डॉक्टरांची मोटारसायकल दारातून हलत नाही. तरी तिच्याही लेकीला पुन्हा एचएफच भरली जाते, कारण त्या दिवशी डॉक्टरांच्या नायट्रोजनच्या कॅनमध्ये तीच असते. गाय आजारी पडली की दोष कधी कांडीला, कधी पेंडीला, कधी डॉक्टरांना दिला जातो. फारच झालं तर नशिबाला.

यातली बरीचशी गोष्ट आधीच सांगता येण्यासारखी आहे. संकराचा पहिला टप्पा सोपा असतो, तो जवळपास सगळ्यांना साधतो. अडचण सुरू होते ती पहिल्या संकरित कालवडीला कोणता वळू वापरायचा या प्रश्नापाशी. माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर शेजाऱ्याच्या गोठ्यात शोधू नये. ते आपल्या विहिरीच्या पाण्यावरून आणि वैरणीच्या गंजीवरून ठरवावं. असं का, ते समजायला थोडं रक्ताचं गणित लागतं. ते फार अवघड नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. मणिभाई देसाई १९४६ मध्ये गांधीजींच्या सांगण्यावरून उरुळी कांचनला आले, तिथे त्यांनी गीर गाईंचा चांगला कळप उभा केला. १९६७ मध्ये तिथेच ‘बाएफ’ ही संस्था सुरू झाली आणि कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेण्याची पद्धत तिने रुजवली. इकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर, एचएफ आणि जर्सी या तीन जातींच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ तयार केली. हेतू साधा होता. दोन-तीन लिटरवर थांबणाऱ्या गावठी गाईच्या पोटी दहा-बारा लिटरची गाय जन्मावी. तो बऱ्याच अंशी साध्यही झाला. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या विदेशी आणि संकरित गोवंशाची संख्या ५ कोटींच्या वर गेली होती. त्या वाढलेल्या दुधावर कितीतरी घरांचा महिन्याचा खर्च चालतो, आणि पीक बुडालं तरी दहा दिवसांचा दुधाचा पगार हातात येतो. संकराला सरसकट नावं ठेवणाऱ्यांनी हा पगार विसरू नये.

दोन प्रतींचा खेळ

गाईच्या प्रत्येक गुणामागे जनुकं असतात आणि प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. गीर गाईला एचएफ वळूची कांडी भरली तर होणाऱ्या कालवडीत प्रत्येक ठिकाणी एक प्रत गीरची आणि एक एचएफची असते. एकही जागा त्यातून सुटत नाही. म्हणून पहिल्या पिढीत विदेशी रक्त बरोबर ५० टक्के येतं आणि सगळ्या बहिणी बऱ्याचशा सारख्या निघतात.

याचे फायदे दोन, आणि ते वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिला फायदा सरळ बेरजेचा. एचएफमध्ये दुधाची जनुकं चांगली, गीरमध्ये ऊन आणि गोचीड सोसण्याची. दोन्हींची सरासरी लेकीला मिळते. दुसरा फायदा त्या सरासरीच्या वरचा असतो, त्याला संकरजोम म्हणतात. दोन लांबच्या जाती एकत्र आल्या की एका जातीतल्या कमजोर प्रतीला दुसऱ्या जातीतली धडधाकट प्रत सावरून घेते. त्यामुळे लेक दोघांच्या सरासरीपेक्षा चार पावलं पुढे जाते. हा जोम दुधापेक्षाही गाभ धरणं, वासरू जगणं आणि जास्त वेतं टिकणं या बाबतींत जास्त जाणवतो. पहिल्या पिढीची गाय ‘कटकटीची नाही’ असं आपण म्हणतो, ती किमया मुख्यतः या दुसऱ्या फायद्याची असते.

हा जोम पुढच्या पिढीत जसाच्या तसा उतरत नाही. संकरित बाजरीचं बी आपण दरवर्षी नवीन विकत आणतो, घरच्या कणसातलं धरत नाही, त्यामागचं कारण हेच आहे. फरक एवढाच की बाजरीची पिशवी दुकानात मिळते, पहिल्या पिढीची गाय दरवर्षी नव्याने आणता येत नाही. तिच्याच पोटची कालवड वाढवायची असते. त्यामुळे गाईच्या बाबतीत पुढच्या पिढीचा विचार टाळता येत नाही.

आता त्या पहिल्या कालवडीसमोर तीन वाटा असतात. पुन्हा एचएफ भरली तर बापाकडून सगळ्या प्रती एचएफच्या येतात आणि आईकडून कधी एचएफची, कधी गीरची. म्हणजे निम्म्या जागी दोन्ही प्रती एचएफच्या आणि निम्म्या जागी मिश्र. रक्त सरासरी ७५ टक्के, जोम निम्मा. उलट गीर भरली तर विदेशी रक्त २५ टक्क्यांवर येतं, जोम इथेही निम्माच. तिसरी वाट म्हणजे ५० टक्केवालीला ५० टक्केवालाच संकरित वळू. यात पाव जागा निव्वळ गीर, पाव निव्वळ एचएफ आणि अर्ध्या मिश्र होतात. रक्त सरासरी ५० टक्केच राहतं, पण जोम पुन्हा निम्मा. शिवाय बहिणी-बहिणींत मोठा फरक पडतो. एक आजीवर जाते, एक आजोबांवर.

म्हणजे पहिल्यानंतर काहीही केलं तरी जोमातला काही भाग जाणारच, निदान दोन जातींच्या खेळात तरी. प्रश्न उरतो तो जोम घालवून बदल्यात काय मिळतंय याचा.

आकडे घालून बघू. हे आकडे कुठल्या पाहणीतले नाहीत, केवळ हिशेब कळावा म्हणून धरले आहेत. समजा तुमच्याच गोठ्यात, तुमच्याच चाऱ्यावर गावठी गाय वेताला ८०० लिटर देते आणि शुद्ध एचएफ २६०० लिटर. दोघींची सरासरी १७००. पहिल्या पिढीची गाय २००० देते, म्हणजे ३०० लिटर जोमाचे. आता तिला पुन्हा एचएफ भरली. लेकीची सरासरी पाव गावठी आणि पाऊण एचएफ धरून २१५० येते, वर निम्म्या जोमाचे १५०, एकूण २३००. म्हणजे लेक आईपेक्षा ३०० लिटर जास्त देते. कागदावर एचएफ जिंकली. शेतकरी पुन्हा एचएफ भरतो तो काही मूर्खपणाने नाही, बादलीत त्याला हेच दिसत असतं.

आता दोन वेतांमधलं अंतर त्या हिशेबात घाला. आई १३ महिन्यांना वेते आणि लेक उलटत उलटत १७ महिन्यांना. आईचे २००० लिटर १३ महिन्यांवर पसरले तर महिन्याला १५४ लिटर पडतात. लेकीचे २३०० लिटर १७ महिन्यांवर पसरले तर १३५. लांबलेल्या वेतात शेवटी दोन-तीन लिटर मिळत राहतात हे खरं, पण तेवढ्या दुधावर तिचा रोजचा चारासुद्धा निघत नाही. आणि चार वेतांनंतर आई दावणीलाच असते, लेक बहुतेक वेळा बाजारात गेलेली असते. बादलीतलं दूध रोज दिसतं, दोन वेतांमधलं अंतर कुणी भिंतीवर लिहून ठेवत नाही. माझ्या मते संकराचा सगळा घोळ इथे आहे.

७५ टक्क्यांची गाय का उलटते?

गाय व्याल्यावर दूध झपाट्याने वाढतं, भूक मात्र सावकाश वाढते. जास्त दुधाच्या रक्ताची गाय या काळात अंगावरचं मांस झिजवते पण दूध सोडत नाही, कारण तिच्या जातीची निवडच पिढ्यान् पिढ्या तशी झाली आहे. चारा आणि खुराक भरपूर असेल तर दोन-अडीच महिन्यांत ती सावरते. नसेल तर बरगड्या दिसू लागतात, आणि अंग झिजत असताना शरीर गाभाचा विचार बाजूला ठेवतं. माज येत नाही, आला तर मुका, बाहेरून न दिसणारा येतो, भरली तर उलटते. गावठी गाय याच्या उलट वागते. चारा कमी पडला की ती आधी दूध कमी करते आणि स्वतःला वाचवते. पन्नास टक्केवाली या दोघींच्या मधली, म्हणून कोरडवाहू माणसाला ती परवडते.

दुसरी गोष्ट पोटाची. गाय दूध द्यायच्या आधी स्वतःपुरतं खाते. ३५० किलोच्या मध्यम संकरित गाईला वजनाच्या ३ टक्क्यांच्या हिशेबाने रोज साडेदहा किलो कोरडा चारा लागतो, कोरडा म्हणजे त्यातलं पाणी वजा करून. ५०० किलोच्या उंच एचएफला हाच आकडा १५ किलो होतो. त्यावर खुराक वेगळा. अंगासाठी किलो-दीड किलो आणि वर दर अडीच लिटर दुधामागे साधारण एक किलो असा ढोबळ हिशेब असतो. दोन एकर ऊस आणि एक एकर कांदा असलेल्या घरात हिरवं म्हणजे उसाचं वाढं. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. दिवसाला बारा-पंधरा लिटर देणाऱ्या गाईला नुसत्या वाढ्यावर ठेवलं तर व्याल्यावर कॅल्शियम कमी पडून ती बसण्याचा, उठता न येण्याचा धोका वाढतो. गावठी गाय त्याच वाढ्यावर वर्षं काढते, कारण तिच्या अंगातून दुधावाटे कॅल्शियम जातच नाही तितकं.

तिसरं ऊन. एचएफ नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीकडची. तिला साधारण ५ ते २५ अंश तापमान मानवतं. आपल्याकडे सोलापूर-नांदेडला एप्रिलमध्ये चाळिशी ओलांडते, विदर्भाचं तर विचारूच नका. जास्त खाणं आणि जास्त दूध करणं यातून शरीरात उष्णताही जास्त तयार होते. देशी गाय सैल कातडी, मानेखालची लोंबती पोळी, लांब कान आणि जास्त कामाच्या घामग्रंथी यांमधून उष्णता बाहेर टाकते. शिवाय तिच्या अंगात मुळात उष्णता तयारच कमी होते. ७५ टक्केवालीकडे या सोयी अर्धवट आलेल्या असतात. उन्हाळ्यात तिचं दूध घटतं, त्याहून जास्त नुकसान म्हणजे गाभ राहत नाही. मुक्तसंचार गोठा, सावलीला झाडं, दिवसभर समोर पाणी आणि छतावर उसाचं पाचट यांनी बराच फरक पडतो. पत्र्याच्या ठेंगण्या शेडमध्ये दावणीला बांधलेल्या एचएफला हे सांगून उपयोग नाही.

गोचीड हा चौथा मुद्दा आणि तोही रक्ताशीच बांधलेला. देशी गाईच्या अंगावर गोचीड कमी टिकते. विदेशी रक्त वाढलं तशी ती वाढते आणि तिच्यासोबत गोचीडताप येतो. या तापाच्या थायलेरिया जंतूची लागण देशी वासरालाही होते, पण ते बहुतेक वेळा सावरतं. संकरित वासराला मात्र ताप येतो, खांद्याजवळची गाठ सुजते, रक्त कमी होतं आणि वेळेत औषध मिळालं नाही तर ते दगावतं. यावर लस आहे, पण अनेकांना ती आठवते ती पहिलं वासरू गेल्यावर.

हे सगळं वाचून ७५ किंवा ८७ टक्क्यांची गाय ठेवूच नये असं कुणी समजू नये. बारमाही पाणी आहे, मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) भरलेला आहे, गोठा मोकळा आहे आणि घरातला एक माणूस पूर्ण वेळ गाईंमागे आहे, तर ती पोसते आणि भरपूर दूध देते. पश्चिम महाराष्ट्रात असे कितीतरी गोठे आहेत. पण तिथे गाय हाच मुख्य धंदा असतो. शेतीला जोड म्हणून तीन गाई ठेवणाऱ्याचं गणित वेगळं आहे.

मग दुसऱ्या पिढीला काय भरायचं?

जोडधंदा म्हणून गाई असतील, तर विदेशी रक्त ५० ते ६२.५ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवणं बहुतेक ठिकाणी जमतं. ६२.५ हा आकडा विचित्र वाटतो, पण तो येतो सरळ. ५० टक्क्यांच्या गाईला ७५ टक्क्यांचा संकरित वळू दिला की लेक मधोमध, ६२.५ टक्क्यांवर येते. भारतात लष्कराच्या डेअऱ्यांमधून घडवलेली ‘फ्रीसवाल’ ही एचएफ आणि साहिवाल यांची संकरित गाय याच प्रमाणावर आधारलेली आहे. आणि गंमत म्हणजे आपल्याकडून गेलेल्या गीर गाईंवर ब्राझीलने हाच हिशेब मांडला. पाच-अष्टमांश एचएफ आणि तीन-अष्टमांश गीर अशी ‘गिरोलांडो’ ही त्यांची जात. उष्ण देशातलं दूध कसं काढायचं हे त्यांनी आपल्याच गाईच्या जोरावर जमवलं, याची थोडी चुटपुट लागते.

ही वाट धरायची तर संकरित वळूची कांडी लागते. ती रेतन केंद्रांमध्ये तयार होते, पण मागणी नसली की गावातल्या कॅनपर्यंत पोहोचत नाही. दूध संघाच्या किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांना माजाच्या दिवशी नाही, महिनाभर आधी सांगून ठेवावं लागतं. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून मागणी केली तर कांडी येण्याची शक्यता जास्त.

दुसरी पद्धत आळीपाळीची. एका पिढीला एचएफ, पुढच्या पिढीला गीर, मग पुन्हा एचएफ. विदेशी रक्त ५० वरून २५, मग ६२.५, मग ३१ असं झोके घेत शेवटी एका पिढीला दोन-तृतीयांश आणि पुढच्या पिढीला एक-तृतीयांश यावर स्थिरावतं. जोम मात्र साधारण दोन-तृतीयांश कायमचा टिकतो, आणि त्यासाठी वेगळा संकरित वळू शोधावा लागत नाही. खोट एकच, दर दुसऱ्या पिढीत दूध उतरतं. त्या उतरत्या पिढीची कालवड घरात आली की कुरकुर सुरू होते आणि पद्धत तिथेच मोडते. ज्यांचा चारा पावसावर अवलंबून आहे त्यांनी तरी ती मोडू नये असं मला वाटतं. दुष्काळी वर्षात दावणीतल्या सगळ्याच गाई मोठ्या खाणाऱ्या असणं चांगलं नाही. २०१८-१९ ला चारा छावणीत ज्यांनी दिवस काढले त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तिसरी वाट जर्सीची. एचएफ आणि गीरच्या पहिल्या पिढीला जर्सी भरली, तर बापाकडची प्रत जर्सीची आणि आईकडची एचएफ किंवा गीरची, म्हणजे प्रत्येक जागा मिश्रच राहते. जोम फारसा सांडत नाही. इंग्लिश खाडीतल्या बेटावरची ही जर्सी आकाराने लहान, खाते कमी, उन्हाला एचएफपेक्षा बरी आणि दुधाला फॅट जास्त. आपल्याकडे गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) यावर ठरतो आणि खाली घसरलं की पॉइंटला कात्री लागते. एचएफचं दूध पावसाळ्यात हिरव्या लुसलुशीत चाऱ्यावर या रेषेच्या खाली सहज जातं. जर्सीच्या रक्ताने ती भीती कमी होते. फुले त्रिवेणीत एचएफ ५० टक्के आणि जर्सी, गीर प्रत्येकी २५ टक्के आहे. विदेशी रक्त तिच्यातही ७५ टक्के आहे हे विसरू नका. तिला चारा-पाणी, निगा चोखच लागते.

लहान चणीच्या गावठी कालवडीला पहिल्याच वेळी एचएफ भरू नये, ही सूचना जुनी आहे पण पाळली जात नाही. मोठं वासरू अडतं, ओढून काढावं लागतं आणि कधी गाय, कधी वासरू हातचं जातं. तिथे जर्सी बरी.

कांडीवर काय लिहिलंय?

पाव मिलिलिटरची ती बारीक नळी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकते. तिच्यावर वळूचा क्रमांक, जात आणि केंद्राचं नाव छापलेलं असतं. डॉक्टर भरतात आणि नळी गोठ्याच्या कोपऱ्यात फेकली जाते. ती उचला. वहीत गाईच्या नावापुढे तारीख आणि तो क्रमांक लिहा. कारण कांडी टिकते म्हणजे तोच वळू तीन-चार वर्षांनी त्याच्याच लेकीला भरला जाण्याचा धोकाही टिकतो. बाप-लेकीच्या जोडीतून झालेल्या वासरात एकसारख्या प्रती एकत्र येतात. संकराने जे कमावलं त्याच्या बरोबर उलट हा प्रकार आहे. अशक्त वासरं, कमी वाढ, गाभ न राहणं असे परिणाम दिसतात आणि कारण कुणालाच सापडत नाही.

‘आईचं दूध ९००० लिटर’ अशी वळूची जाहिरात ऐकली की लगेच भुलू नये. आईचे निम्मे गुण वळूत आले आणि वळूचे निम्मे तुमच्या कालवडीत. म्हणजे त्या आईचा वाटा चौथाई. शिवाय ती आई कुठल्या फार्मवर, किती खुराकावर ९००० ला पोहोचली ते वेगळंच. वळूच्या लेकींनी वेगवेगळ्या गोठ्यांत किती दूध दिलं, यावर पारखलेला वळू जास्त भरवशाचा. अशी पारख व्हायला लेकी मोठ्या होऊन वेतापर्यंत यायला हव्यात, म्हणजे पाच-सात वर्षं जातात. तो वेळ वाचावा म्हणून आता जनुकांच्या चाचणीवरून वासरू लहान असतानाच अंदाज बांधतात. त्यासाठीची ‘गौ चिप’ ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशीममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाली. पण या चिपच्या अंदाजालाही खऱ्या गोठ्यांतल्या खऱ्या नोंदींचाच आधार लागतो. कानातल्या १२ अंकी बिल्ल्याच्या नावे दुधाची नोंद होते ती याचसाठी. बिल्ला फक्त अनुदानासाठी नसतो.

जिथे संकर करूच नये

लातूर-उदगीरकडची देवणी, कंधारची लाल कंधारी, सांगोला-आटपाडीची खिल्लार, अकोले-इगतपुरीच्या पावसात टिकणारी डांगी, वर्ध्याची गवळाऊ, कोकणातली कोकण कपिला. आपापल्या पट्ट्यातल्या या शुद्ध गाईंना एचएफ भरणं मला पटत नाही, आणि सरकारचं पैदास धोरणही मान्यताप्राप्त देशी जाती त्यांच्या पट्ट्यात निवडीनेच सुधारा असंच सांगतं. संकर करायचा तो कुठल्याच जातीत न बसणाऱ्या गावठी गाईचा. पहिल्या पिढीचा जोम मुळात येतो तो शुद्ध देशी रक्तातून. तेच संपलं तर पुढे कशाशी संकर करणार? शिवाय खिल्लार दुधाची गाय नाहीच, ती ओढकामासाठी घडवलेली. शर्यतींवरची बंदी उठल्यापासून चांगल्या खिल्लार खोंडाला येणारी किंमत संकरित गाईलाही येत नाही.

खोंडाचा विषय निघालाच आहे तर संकरित गोऱ्ह्याचंही बोलू, कारण त्याच्याबद्दल लेखांमध्ये सहसा गप्प बसतात. त्याला वशिंड जवळजवळ नसतं, जू नीट बसत नाही, उन्हात कामाला लवकर दमतो. बैलाचं काम तसंही ट्रॅक्टरने नेलं आहे. २०१५ च्या कायद्यानंतर राज्यात बैल आणि वळू यांची कत्तल बंद झाली. कायद्याबद्दल कुणाचं मत काहीही असो, गोऱ्हा जन्मला की त्याचं करायचं काय, हा प्रश्न गोठ्यावर येऊन पडला. काही ठिकाणी त्याला दूध तोडून मरू देतात, काही ठिकाणी रात्री दुसऱ्याच्या शिवारात सोडतात. संकराच्या खर्चात हा खर्च कुणी धरत नाही.

यावरचा सध्याचा तोडगा म्हणजे लिंगनिर्धारित रेतमात्रा. मादीकडे नेणाऱ्या शुक्राणूत डीएनए थोडं जास्त असतं, त्यावरून यंत्र ते वेगळे करतं आणि सुमारे ९० टक्के वेळा कालवड होते. पण या प्रक्रियेत शुक्राणू कमी उरतात आणि थोडे थकतातही, त्यामुळे गाभ राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी पडतं. म्हणून ती सगळ्या गाईंना भरू नये. चांगली वाढलेली, २५० किलोच्या पुढे गेलेली, स्वच्छ बळस (माजातला चिकट स्राव) टाकणारी पहिलारू कालवड तिच्यासाठी सर्वात योग्य. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, ही वेळ साध्या कांडीपेक्षा इथे जास्त काटेकोर पाळावी लागते. आणि कांडी मादीची असली तरी ती कोणत्या जातीच्या, किती टक्क्यांच्या वळूची आहे हे आधी विचारायचं. दोनदा उलटलेल्या गाईला मात्र साधीच कांडी भरावी, आणि तीही गर्भाशय तपासून घेतल्यावर.